ऑफरमधला किराणा आणि शेअरिंगचा फ्लॅट : तुमचे किस्से लिहा

काल रविवार म्हणून किचनचा वरचा कप्पा आवरायला काढला. कर्वेनगरला टू बीएचकेमधे चौघी राहतो, कप्पे वाटून घेतलेले. माझ्या कप्प्यातून अर्ध्या किलो रव्याची पाच पाकिटं निघाली, दोनवर एक फ्री मधे सहा घेतली होती, उपमा एकदाच झाला. पाकीट उचललं तर आतला रवा एकसंध गोळ्यासारखा हलला, जाळी धरलेली, आणि पाकिटावरून दोन पोरकिडे सावकाश चालत होते, सिंहगडावर निघाल्यासारखे. माझं माझ्यापुरतं असतं तर गपचूप टाकून दिलं असतं पण शेजारचा कप्पा रूमीचा, त्यात तिच्या आईने पाठवलेली थालीपिठाची भाजणी, सैल झाकणाच्या डब्यात. त्यातही पोचले होते. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

माझी आई रवा आणला की त्याच दिवशी भाजून ठेवते. पण तिथे सगळ्या डब्यांची मालकीण एकच आहे.

तर लिहा मंडळी. लेक्चर नको, किस्से हवेत.

*

आमचा तेलाचा डबा. हिंजवडीला चार पोरं होतो, कोणीतरी हिशोब काढला की पिशवी पिशवी आणण्यापेक्षा १५ लिटरचा डबा घेतला की लिटरमागे बरेच पैसे वाचतात, आणला. आधी एक पिशवी आठ-दहा दिवस जायची. डबा आल्यावर रात्री अकरा वाजता कांदाभजी, मधेच पापड, पोळ्यावाल्या मावशींचा हातही सैल सुटला (त्यांची काय चूक, समोर एवढा डबा दिसतोय). डब्याला वर दोन भोकं पाडलेली, त्यावर वाटी उपडी घालायची असं ठरलेलं पण ती वाटी रोज दह्याला लागायची. तिसऱ्या आठवड्यात आत झुरळ. एकाचं म्हणणं काढून टाक, तळल्यावर काय राहतंय. दुसरा त्या दिवसापासून बाहेर जेवायला लागला आणि माझा तेलाचा हिस्सा परत द्या म्हणाला.

तिसऱ्याची बंगलोरला बदली झाली. निघायच्या रात्री साडेबाराला आम्ही चहाच्या ग्लासाने त्याच्या वाटचं तेल मोजतोय, पाण्याच्या दोन बाटल्यांत भरून दिलं. झुरळाचं त्याला माहीत होतं तरी घेतलं. साताऱ्याच्या पुढे त्याचा मेसेज, एका बाटलीचं झाकण सुटलं. लॅपटॉप दुसऱ्या बॅगेत होता म्हणून आमची मैत्री टिकली.

*

मी किडेबिडे नाही, पैशाचं सांगतो. अंधेरीत तिघं राहतो. २०२५ च्या १५ ऑगस्टला सेलच्या रांगेत पाऊण तास उभं राहून वर्षाचा शांपू, टूथपेस्ट, साबण आणि पाच किलो तूप उचललं, रूममेट्सना म्हटलं मी भरतो तुम्ही महिन्या महिन्याला द्या. त्याच दिवशी सकाळी लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी करणार ही घोषणा झालेली, मी झोपलो होतो. २२ सप्टेंबरपासून शांपू-टूथपेस्ट-साबण १८ वरून ५ टक्क्यांवर, तूप १२ वरून ५ वर. आता दोघं म्हणतात आजच्या भावाने देतो. मी म्हणतो मी घेतलेल्या भावाने द्या. अजून मिटलेलं नाही आणि टूथपेस्टच्या नऊ ट्यूब माझ्या पलंगाखाली आहेत.

*

वरच्यांनी फ्रीजरचं काहीच लिहिलं नाही म्हणून मी. आणि गुन्हेगार मीच आहे हे आधीच सांगते. पाच जणी, एक फ्रीज, तोही घरमालकांचा. एकीला फ्रोजन मटार, पनीर, इडलीचं पीठ असं सगळं ऑफरमधे भरून ठेवायची फार हौस, आमचा साधा बर्फाचा ट्रे ठेवायला जागा नसायची. गणपतीला सगळ्या गावी. शेवटी निघणारी मी, शॉर्टसर्किट नको म्हणून मेन स्विच बंद केला. आई घरात नेहमी तेच करायची, हात आपोआप गेला.

आठ दिवसांनी आले तर वॉचमन काका जिन्यातच म्हणाले, ताई वर उंदीर मेलाय बहुतेक. दार उघडलं. फ्रीजखालून पिवळसर पाणी हॉलपर्यंत आलेलं, इडलीच्या पिठाची पिशवी फुगून फुटलेली आणि मटाराचं काय झालं होतं ते जेवताना वाचणारे असतील म्हणून सोडते. दाराच्या रबराला काळी बुरशी, व्हिनेगर, सोडा, कॉफी पावडर सगळं करून झालं, वास गेला नाही. डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. प्रश्न हा की कोणाचे? माल तिचा, स्विच मी बंद केला, उरलेल्या तिघींचं म्हणणं आम्ही त्यातला मटारही खाल्ला नव्हता.

*

जर्मनीत आखेनला शिकत असताना. पाच जणांचं घर, एक स्वयंपाकघर, प्रत्येकाला एक कपाट. आशियाई दुकानात कणकेची १० किलोची बॅग छोट्या पिशवीपेक्षा किलोमागे स्वस्त पडते, आणली. मी एकटा, पोळ्या येत नाहीत (हे बॅग घेताना लक्षात घ्यायला हवं होतं). दोन महिन्यांनी कपाट उघडलं की राखाडी पाखरं उडायला लागली. जर्मन रूममेट्सनी आरडाओरडा केला नाही, मीटिंग घेतली. पाचही कपाटांतलं ओट्स, बदाम, चहा, सगळं कचऱ्यात. तो होता शनिवार संध्याकाळ, दुसऱ्या दिवशी रविवार, तिथे रविवारी दुकानं बंद, पाच माणसं दोन दिवस जामवर. मग चिकट सापळे आणले, त्याला मादीच्या वासाचं काहीतरी लावलेलं असतं, त्यामुळे फक्त नर अडकतात, माद्या आपल्या मोकळ्या. फळ्या बसवायला कपाटात जी बारीक भोकं असतात ना, अळ्या त्यात जाऊन बसतात, म्हणून एकेका भोकात हेअर ड्रायरने गरम हवा मारायची. ते काम सर्वानुमते माझ्याकडे आलं. किती भोकं असतात एका कपाटाला, कधी मोजलीत?

*

सगळा दोष ऑफरला देऊ नका हो. आम्ही तिघी मिळून तीन वर्षं व्यवस्थित स्टॉक करतोय. तूरडाळीला एरंडेल तेलाचा हात लावून ठेवायची, पाकिटावर मार्करने तारीख आणि ज्याने पैसे भरले त्याचं नाव, पावसाळ्यात रवा-मैदा-पोहे अर्ध्या किलोच्या वर आणायचेच नाहीत. आणि ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं असतं, तर नवव्या महिन्यानंतर मोठी खरेदी बंद. हे शहाणपण कसं आलं तर पहिल्या वर्षी अचानक फ्लॅट सोडावा लागला, टेम्पोवाले दादा एकेक पोतं चढवत होते, मधेच थांबून म्हणाले, दुकान शिफ्ट करताय का ताई? घरातलं आहे म्हटल्यावर त्यांनी भाडं वाढवलं.

*

@धागाकर्ती, रवा फेकलास का गं? चाळून, कडक उन्हात घालून चालतो की. आमची आजी एक दाणा टाकत नसे.

*

चाळून पाहिला ना, पण तो जाळीचा गुंता चाळणीतच अडकतो, मग माझीच हिंमत झाली नाही. ओल्या कचऱ्यात टाकायला निघाले तर कामाच्या मावशी म्हणाल्या इकडे द्या, आमच्या कोंबड्या खातील. अडीच किलो गेला एकदम. भाजणीचं रूमीचं अजून ठरत नाहीये, डबा बाल्कनीत उन्हात ठेवलाय, झाकण काढून, आणि कबुतरं येतात म्हणून वर माझी चाळणी.