एक्सटर्नल हार्ड डिस्क जोडल्याचा आवाज येतो, पण 'धिस पीसी'मध्ये दिसत नाही

रिकामा_पोर्ट

२ टीबीची, २.५ इंची पोर्टेबल हार्ड डिस्क, यूएसबी ३, वेगळा अडॅप्टर नाही. विंडोज ११. जोडली की दिवा लागतो, आत तबकडी फिरतेय हे हाताला जाणवतं, जोडल्याचा आवाजही येतो. पण 'धिस पीसी'मध्ये ड्राइव्ह येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्क ड्राइव्ह्ज'खाली नाव आहे, पिवळं चिन्ह नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की ते बराच वेळ 'कनेक्टिंग टू व्हर्च्युअल डिस्क सर्व्हिस'वर अडकतं आणि मग विचारतं, डिस्क १ इनिशियलाइझ करायची का, एमबीआर की जीपीटी? अजून काहीही दाबलेलं नाही. आतल्या फोटोंची आणि हिशेबाच्या फायलींची दुसरी प्रत नाही. ओके केलं तर डेटा जाईल का? नाही केलं तर पुढे काय करायचं? जाणकारांनी सांगावं.

सेक्टर_शून्य

कॅन्सल करा. ती खिडकी मदत करतेय असं वाटतं, पण तिला एवढंच म्हणायचंय की 'मला इथे पार्टिशन टेबल सापडलं नाही, नवं लिहू का?' पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कवरचा कुठला भाग कुठून कुठपर्यंत आहे याची यादी; एमबीआर आणि जीपीटी हे तिचे दोन प्रकार.

आता खालच्या पट्टीत डिस्क १ समोर काय लिहिलंय ते नीट वाचा, सगळं निदान तिथेच आहे. डिस्क 'ऑनलाइन' आहे, पार्टिशन 'हेल्दी' आहे आणि फक्त अक्षर नाही, तर काम दोन मिनिटांचं: पार्टिशनवर उजवं क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', मोकळं अक्षर द्या. ऑफिसच्या मशीनवर नेटवर्क ड्राइव्हने तेच अक्षर आधी पकडलेलं असतं तेव्हाही डिस्क अशीच गायब दिसते. 'ऑफलाइन' असेल तर डाव्या चौकोनावर उजवं क्लिक करून ऑनलाइन करा. 'रॉ' असेल तर पार्टिशन सापडलंय पण फाइल सिस्टिम (कोणती फाइल कुठे आहे याची नोंद ठेवणारी रचना, उदा. एनटीएफएस, एक्सफॅट) वाचता येत नाही. 'नो मीडिया' किंवा आकार शून्य असेल तर यूएसबीची पट्टी (खोक्यातलं, केबल आणि डिस्क जोडणारं छोटं सर्किट) बोलतेय, पण मागची डिस्क तिला उत्तर देत नाही. हे शेवटचं सगळ्यात वाईट.

तुमच्याकडे 'नॉट इनिशियलाइझ्ड' असणार. समोर आकार किती दिसतो? २ टीबीला साधारण १८६३ जीबी दिसायला हवेत (कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या). तेवढा दिसत असेल तर डिस्कचं फर्मवेअर (तिच्या आतला प्रोग्राम) जागं आहे आणि ती स्वतःची ओळख बरोबर सांगतेय. पहिले काही सेक्टर (डिस्कवरचे ठराविक आकाराचे छोटे कप्पे) तेवढे वाचता येत नसावेत.

ज्यांनी आधीच ओके दाबलंय त्यांच्यासाठी: एमबीआर निवडलं तर सेक्टर ० वर लिहिलं जातं, जीपीटी निवडलं तर सुरुवातीचे ३४ आणि शेवटचे ३३ सेक्टर. फायली त्याच्या बाहेर असतात, त्यामुळे एवढ्याने त्या जात नाहीत. खरं नुकसान त्यापुढे 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' करून फॉरमॅट मारण्यात आहे. त्यातही 'क्विक'ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केला तर संपलंच, कारण विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट अख्ख्या पार्टिशनवर शून्य लिहीत जातो.

जाड_केबल

वरच्याशी सहमत, पण सॉफ्टवेअरच्या मागे लागण्याआधी वीज आणि केबल बाजूला काढा. फुकटचं काम आहे आणि निम्मे धागे तिथेच मिटतात.

यूएसबी २ चा पोर्ट ५ व्होल्टला ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. अडॅप्टर नसलेली २.५ इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना काही क्षण १ अँपिअरच्या आसपास ओढू शकते. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टला आतून लांब बारीक वायर आलेली असते, त्यात व्होल्टेज पडतं आणि डिस्क अर्धवट उठते. अडॅप्टर नसलेला हब तर नकोच. थेट मदरबोर्डवरच्या मागच्या पोर्टमध्ये, आखूड केबलने जोडा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून.

यूएसबी ३ ची ती रुंद, दोन भागांची पिन नाजूक असते. दोन बोटांत धरून हलकेच वरखाली करा. दिवा विझून लागला तर सॉकेटचा सोल्डर सुटलाय. एक युक्ती: रुंद सॉकेटच्या मोठ्या भागात जुन्या फोनची साधी मायक्रो यूएसबी डेटा केबल बसते. डिस्क यूएसबी २ वर हळू चालेल, पण तशी दिसली तर दोष यूएसबी ३ च्या पाच जादा पिनांत किंवा त्या केबलमध्ये. मात्र केबल डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात.

कान लावून आवाजही सांगा. सलग घूं ठीक. दर सेकंदाला 'टक्... टक्...' आणि मग फिरणं बंद, म्हणजे हेड (तबकडीवरून वाचणारा भाग) वाचू शकत नाही. बारीक 'पीं पीं' म्हणजे मोटर फिरायला धडपडतेय: वीज कमी, किंवा हेड तबकडीला चिकटलंय. पीं पीं केबल-पोर्ट बदलूनही थांबलं नाही, किंवा टकटक असेल, तर प्लग काढा आणि प्रयोग थांबवा. फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्ला अजून फिरतोय. त्याने आत दव धरतं, दुसरं काही होत नाही.

बाकी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्क स्वतःच्या तब्येतीचे जे आकडे ठेवते ते दाखवणारं सॉफ्टवेअर) सी७ हा आकडा बघा, केबलचा दोष तिथे कळतो.

तबकडी

शेवटच्या ओळीला हरकत. सी७ म्हणजे यूडीएमए सीआरसी एरर, तो साटाच्या (डिस्क जोडायच्या आतल्या मार्गाच्या) दुव्यावरच्या चुका मोजतो. एक्सटर्नलमध्ये तो दुवा खोक्याच्या आत असतो, डिस्क आणि पट्टीच्या मधला. बाहेरची यूएसबी केबल कितीही खराब असली तरी सी७ हलणार नाही. इथे बघायचं ते ०५ (बाद करून बदली दिलेले सेक्टर), सी५ (वाचताना अडलेले) आणि सी६ (तपासणीत दुरुस्त न झालेले).

रिकामा_पोर्ट

सगळ्यांचे आभार. मागचा पोर्ट, दुसरी केबल, मायक्रो यूएसबी, तिन्ही करून पाहिलं. फरक नाही. आवाज सलग घूं, टकटक नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'अननोन, नॉट इनिशियलाइझ्ड', आकार १८६३ जीबी. क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळा 'कॉशन' दाखवतो: ०५ ला सगळी शून्यं, सी५ च्या रॉ रकान्यात शेवटी '१ए८', सी६ ला शून्य. हे १ए८ काय प्रकरण आहे? दुसऱ्या एका ठिकाणी 'सीएचकेडीएसके /एफ /आर' ही विंडोजची डिस्क तपासायची कमांड चालवा असं सांगितलंय. चालवू का?

सेक्टर_शून्य

नका चालवू. एक तर अक्षर नसलेल्या, पार्टिशन न सापडलेल्या डिस्कवर ते चालणारच नाही. 'रॉ' असती तरी 'रॉ ड्राइव्हसाठी उपलब्ध नाही' म्हणून परत आलं असतं. दुसरं, सीएचकेडीएसकेचं काम फाइल सिस्टिम सुसंगत करणं आहे, तुमच्या फायली वाचवणं नव्हे. न वाचता आलेली नोंद ते खुशाल कापून टाकतं. त्यात '/आर' अख्खा पृष्ठभाग वाचत बसतं. आजारी डिस्कला आगीतून फुफाट्यात टाकण्याचा प्रकार.

१ए८ हा सोळाच्या पायावर (हेक्साडेसिमलमध्ये) लिहिलेला आकडा: २५६ + १६० + ८ = ४२४. सी५ म्हणजे 'करंट पेंडिंग', वाचताना अडलेले पण अजून बाद न ठरवलेले सेक्टर. ४२४ ला ८ ने भाग जातो. हल्लीच्या डिस्कवर ४०९६ बाइटचा एक खरा सेक्टर असतो आणि तो ५१२ चे ८ म्हणून दाखवला जातो, तेव्हा बहुधा ५३ खरे सेक्टर अडलेत. ०५ शून्य आहे कारण बदली सेक्टर सहसा लिहिण्याच्या वेळी दिला जातो, नुसतं वाचताना अडलं म्हणून नाही. आणि त्या ५३ पैकी एक नेमका सेक्टर ० असावा. डिस्क मॅनेजमेंट अडकून पडतं तेही त्यामुळेच: विंडोज तो सेक्टर मागत राहतं, डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते.

सेक्टर ० मध्ये आहे तरी काय? एमबीआर असेल तर ४४६ व्या बाइटपासून ६४ बाइटचं टेबल, १६-१६ बाइटच्या चार नोंदी. तुमच्या डिस्कवर एकच पार्टिशन असेल तर १६ बाइट हरवल्यामुळे २ टीबी दिसेनाशी झाली आहे. ही दुरुस्ती सोपी आहे, पण मूळ डिस्कवर करायची नाही. आधी प्रत.

पेंग्विनवाला

प्रत कशी काढायची ते सांगतो. विंडोजमधून ओढाताण करू नका, लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं लिनक्स) जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा. हे आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अडलेल्या जागा मागे ठेवतं आणि नंतर त्यांच्याकडे वळतं. साधं 'डीडी' पहिल्या चुकीपाशी थांबतं.

लागणार काय: २ टीबी किंवा मोठी निरोगी डिस्क, जिच्यावर जपण्यासारखं काहीच नाही अशी, आणि नोंदवही, म्हणजे मॅपफाइल, ठेवायला तिसरी जागा. मॅपफाइल लाइव्ह सिस्टिमच्या डेस्कटॉपवर ठेवाल तर ती रॅममध्ये असते. मशीन बंद पडलं की गेली आणि सगळं पहिल्यापासून.

'एलएसबीएलके' चालवून आकार आणि मॉडेलवरून कोणती डिस्क कोणती ते ओळखा. क्रम लक्षात ठेवा: आधी मूळ, मग नवी, मग मॅपफाइल. पहिली दोन उलटी पडली तर रिकामी डिस्क तुमच्या फोटोंवर ओतली जाईल, आणि त्यावर कुठलाच उपाय नाही. मी तर लेबल चिकटवून, मॉडेल नंबर वाचून मगच एंटर दाबतो. नावासाठी एसडीबी, एसडीसी वापरू नका. डिस्क मधेच तुटून परत जोडली गेली की ही नावं बदलतात. 'देव' फोल्डरातल्या 'डिस्क', 'बाय-आयडी'खालचं लांबलचक नाव घ्या, ते मॉडेल आणि सिरियल नंबरवरून बनतं.

पहिली फेरी '-एफ -एन' देऊन. एफ म्हणजे थेट डिस्कवर लिहायची परवानगी, एन म्हणजे अडलेल्या जागा सध्या खरवडू नकोस. दुसऱ्या फेरीत त्याच मॅपफाइलसकट '-एफ -डी -आर३': डी म्हणजे लिनक्सचा कॅश टाळून थेट वाच, आर३ म्हणजे उरलेल्या जागांवर आणखी तीन फेऱ्या. मूळ डिस्क माउंट होऊ, म्हणजे ड्राइव्ह म्हणून उघडू, देऊ नका.

वेळ: सेकंदाला १०० एमबीने २ टीबीला साडेपाच तास, यूएसबी २ वर ३५ एमबीने सोळाएक तास. अडलेल्या जागांवर वेग काही केबीवर येतो, घाबरू नका. डिस्क सपाट ठेवा, वर छोटा पंखा सोडा. टकटक सुरू झाली तर कंट्रोल-सी दाबून थांबा, मॅपफाइलमुळे केलेलं वाया जात नाही.

तबकडी

'खोकं उघडून आतली डिस्क साटावर लावा, जोरात चालेल' असं इथे कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच लिहितो. बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये साटाचा सॉकेटच नसतो, यूएसबीची पिन थेट डिस्कच्या हिरव्या पट्टीवर असते. काही खोक्यांमधली चिप पासवर्ड ठेवलेला नसतानाही डेटा एन्क्रिप्ट करून लिहिते. तशी डिस्क बाहेर काढली तर नुसता कचरा वाचला जातो. आणि काही मोठ्या, अडॅप्टरवाल्या खोक्यांची पट्टी ५१२ चे सेक्टर ४०९६ चे करून दाखवते, त्यामुळे बाहेर काढलेल्या डिस्कचं पार्टिशन टेबल आठपट चुकीच्या जागा दाखवतं. खोक्याची पट्टीच मेली असेल तर उघडण्याला पर्याय नसतो, पण तुमची जिवंत आहे. त्याच खोक्यातून प्रत काढा.

रिकामा_पोर्ट

प्रत झाली. पहिल्या फेरीनंतर मॅपफाइलमध्ये थोडे तुकडे राहिले होते, दुसरीनंतर ९६ केबी न वाचलेले. सेक्टर ० त्यातच आहे. नवी डिस्क विंडोजला लावली तर तीही इनिशियलाइझ करायला सांगतेय.

सेक्टर_शून्य

सांगणारच, प्रतीत मूळचा सेक्टर ० आलेलाच नाही. आता टेस्टडिस्क, हरवलेलं पार्टिशन शोधणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. मूळ डिस्क काढून ठेवा. टेस्टडिस्कमध्ये नवी डिस्क निवडा, टेबलचा प्रकार 'इंटेल' (मूळ डिस्क जीपीटी होती हे माहीत असेल तर 'ईएफआय जीपीटी'), मग 'अ‍ॅनलाइज' आणि 'क्विक सर्च'. एनटीएफएस पार्टिशन सापडलं की त्यावर 'पी' दाबा. फोल्डर दिसले तर ते पार्टिशन बरोबर आहे. क्यू दाबून मागे या, एंटर, आणि 'राइट'. मशीन रीस्टार्ट करा. बूट सेक्टर खराब आहे म्हणाला तर 'अ‍ॅडव्हान्स्ड', 'बूट', 'बॅकअप बीएस': एनटीएफएस त्याची दुसरी प्रत पार्टिशनच्या शेवटच्या सेक्टरात ठेवतं. एक्सफॅट असेल तर ती सेक्टर १२ पासून असते.

'पी' दाबून काहीच दिसलं नाही तर 'राइट' करू नका. फोटोरेकने फायली तिसऱ्या डिस्कवर उपसून घ्या. नावं आणि फोल्डर हरवतील.

सीएचकेडीएसके चालवायचंच असेल तर आता, प्रतीवर, फायली दुसरीकडे कॉपी करून झाल्यावर.

मॅकवर_अडलेला

धाग्यात घुसतो. एक्सफॅटची डिस्क, मॅकवर डिस्क युटिलिटीत नाव करड्या रंगात येतं, 'माउंट' दाबलं की नुसतं चक्र फिरतं. इजेक्ट न करताच केबल ओढून काढली होती. हीही गेली का?

पेंग्विनवाला

बहुधा नाही. अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर उघडून 'एफएससीके' शोधा. इजेक्ट न करता काढलेल्या एक्सफॅट डिस्कची मॅक जोडल्याबरोबर गुपचूप तपासणी सुरू करतो आणि ती संपेपर्यंत माउंट करत नाही. डिस्क मोठी, फायली भरपूर असतील तर तास जातात. दिवा लुकलुकतोय तोवर चालू द्या. घाईच असेल तर ती प्रक्रिया फोर्स क्विट करा, मग डिस्क बऱ्याचदा फक्त वाचण्यापुरती माउंट होते. तेवढ्यात महत्त्वाचं कॉपी करून घ्या आणि तपासणी नंतर पुन्हा पूर्ण होऊ द्या. डिस्क युटिलिटीत 'व्ह्यू'मधलं 'शो ऑल डिव्हाइसेस' चालू ठेवा, नाहीतर नुसतं व्हॉल्यूम दिसतं आणि वरची डिस्क दिसत नाही.

रिकामा_पोर्ट

'पी' दाबल्यावर सगळे फोल्डर दिसले, 'राइट' केलं, रीस्टार्टनंतर ड्राइव्ह आली. ९६ केबी कुठल्या फायलींत गेले ते कसं शोधायचं? आणि जुनी डिस्क पूर्ण फॉरमॅट केल्यावर सी५ शून्य झाला तर वापरता येईल का?

तबकडी

डीडीरेस्क्यूच्या 'फिल' मोडने न वाचलेल्या जागी एखादा खुणेचा शब्द भरायचा, मॅपफाइल तीच. मग सगळ्या फायलींमध्ये तो शब्द शोधायचा. ज्यात सापडेल ती फाइल बिघडलेली. कुठेच सापडला नाही तर ते सेक्टर रिकाम्या जागेचे किंवा फाइल सिस्टिमच्या स्वतःच्या कामाचे होते.

जुन्या डिस्कवर पूर्ण फॉरमॅटनंतर सी५ उतरेल. तेव्हा ०५ बघा: तो वाढला तर तेवढे सेक्टर कायमचे बाद झालेत. शून्यच राहिला तरी ज्याची दुसरी प्रत नाही असं काही तिच्यावर ठेवू नका. सिनेमे न्यायला-आणायला चालेल.