एलएफएसवर एक्स सुरूच होत नाही, रेडिऑन एचडी ६४५० ग्राफिक्स कार्ड, 'नो स्क्रीन्स फाउंड'

पऱ्हाटीवाला (दारव्हा तालुका)
राम राम मंडळी. लिनक्स फ्रॉम स्क्रॅचच्या (एलएफएस) पुस्तकावरून अख्खी सिस्टीम सोर्समधून बांधली. बूट होते, लॉगिन येते. मग त्याचंच पुढचं पुस्तक, बियाँड एलएफएस, पाहून एक्सऑर्ग (पडद्यावर खिडक्या दाखवणारं एक्स) चढवलं, अन् तिथंच गाडी अडली. स्टार्टएक्स मारलं का 'नो स्क्रीन्स फाउंड' म्हणते अन् परत काळ्या पडद्यावर आणून सोडते.

डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदीत) दिसते: रेडिऑन/कायकॉस_पीएफपी.बिन (कायकॉस म्हणजे याच कार्डाची चिप), डायरेक्ट फर्मवेअर लोड फेल, एरर -२. आता गंमत पहा, हीच फाईल लिब-फर्मवेअरच्या फोल्डरात आहे. एलएस मारलं तर डोळ्यासमोर दिसते! मंग याले काहून सापडत नाही?

एक विनंती, जे काही डाउनलोड करा लागते ते एकदमच सांगा. आमच्या गावात नेट पाण्याच्या टाकीजवळच धरते, मोठे टारबॉल यवतमाळहून पेनड्राइव्हमध्ये आणा लागते.

बूटबुवा
कर्नल कॉन्फिगमध्ये रेडिऑन 'वाय' (ड्रायव्हर कर्नलच्या आतच) आहे की 'एम' (वेगळं मॉड्यूल)? माझी पैज 'वाय'वर. तसं असेल तर ड्रायव्हर रूट पार्टिशन माउंट होण्याआधीच फर्मवेअर मागतो. त्या क्षणी लिब-फर्मवेअर त्याच्यासाठी अस्तित्वातच नसतं. एरर -२ चा अर्थ तोच, फाईल मिळाली नाही.

सोपा उपाय म्हणजे 'एम' करून कर्नल आणि मॉड्यूल्स पुन्हा बसवा, मग यूडेव्ह (हार्डवेअर ओळखून ड्रायव्हर लावणारी सेवा) रूट माउंट झाल्यावर ड्रायव्हर चढवेल. 'वाय'च ठेवायचं असेल तर कॉन्फिग_एक्स्ट्रा_फर्मवेअरमध्ये फाईल्सची नावं द्या. पण नुसती कायकॉसवाली देऊन भागत नाही, बीटीसी_आरएलसी आणि सुमो_यूव्हीडीसुद्धा लागतात. लोक नेमक्या याच दोन विसरतात. डाउनलोड काहीच नाही.

पऱ्हाटीवाला
वाय होतं ना भाऊ. एम केलं अन् एक्स उभं रायलं! टीडब्ल्यूएम (साधा विंडो मॅनेजर), घड्याळ, तीन एक्सटर्म (टर्मिनल). दिसाले भंगार, पण काय सांगू, लय बरं वाटलं. फक्त खिडकी ओढली का मांगून मांगून सरकते. जीएलएक्सइन्फो (ग्राफिक्सची माहिती देणारी कमांड) रेंडरर म्हणून 'एलएलव्हीएमपाइप' दाखवते.

वर्धेकर
म्हणजे सगळं चित्र सीपीयू काढतोय. मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरांची लायब्ररी) बांधताना गॅलियम-ड्रायव्हर्समध्ये आर६०० घातलं होतं का? पुष्कळ जण रेडिऑन म्हटलं की रेडिऑनएसआय टाकतात, ते जीसीएन या चिप-रचनेच्या आणि त्यापुढच्या कार्डांसाठी. ६४५० त्याआधीच्या, टेरास्केल रचनेची. टारबॉल तोच, फक्त मेसन सेटअप (बांधणीचे पर्याय ठरवणारी पायरी) नव्यानं करा.

बांधताना लाईन गेली तर घाबरू नका. निन्जा (प्रत्यक्ष बांधणी करणारं टूल) परत चालवला की उरलेलंच बांधतो. मात्र वीज अचानक गेली की कधीकधी शून्य बाईटची ओ फाईल (कंपाइल झालेला तुकडा) मागे राहते, निन्जाला ती पूर्ण झालेली वाटते आणि लिंक करताना भलताच एरर येतो. आधी फाइंडनं शून्य आकाराच्या फाईल्स शोधून उडवा.

पऱ्हाटीवाला
नुसतं रेडिऑनएसआयच होतं. आता आर६०० टाकून लावतो. रॅम ४ जीबी हाय, निन्जाले जे४ (एकावेळी चार कामं) देऊ का?

वर्धेकर
जे२. आणि स्वॅप चालू ठेवा.