काय दिसलं? काय! : आकाशनिरीक्षणातले फसलेले कान

दुर्बिणीपाशी उभं राहिलं की अंधारात समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, आणि त्याच्या तोंडचे निम्मे शब्द अरबी, ग्रीक नाहीतर फ्रेंच असतात. मग जे व्हायचं ते होतंच. आपापली फजिती इथे लिहा. लाजू नका, सगळे एकाच माळेचे मणी आहोत. सुरुवात माझ्यापासून.

मी ज्यांच्याकडे आकाश बघायला शिकले त्या काकांनी पहिल्याच थंडीत मला ययाती तारकासमूहातला जोड तारकागुच्छ दाखवायला घेतला. दोन गुच्छ अगदी शेजारीशेजारी, एकाचं नाव एच आणि दुसऱ्याचं ग्रीक अक्षर काय. मला ग्रीक अक्षरांचा गंध नव्हता.

"एच दिसला?"
"हो."
"त्याच्या शेजारी काय."
"ते तुम्हीच सांगा ना!"
"अगं, सांगतोय ना. काय!"
"अहो, पण काय?"
"काय!!"

मला वाटलं, काका चिडले. पाच मिनिटं मी गप्प. शेवटी त्यांनी लाल टॉर्चच्या उजेडात वहीवर χ काढून दाखवला. तोवर भिंगावर दव साचलं होतं, त्यामुळे त्या रात्री काय दिसलं, तर काहीच नाही.

* * *

तुमचं 'काय', तसा आमचा 'पाय'. मित्राने फोनवर सांगितलं, "आज पाय ओरायनिस बघ, सहा तारे आहेत, धनुष्यासारखे वाकलेले." मी ऐकलं, ओरायनचा पाय. म्हणजे आपलं मृग नक्षत्र. आता मृगाला पाय चार. चारही कोपऱ्यांतले तारे तपासले, एकाही पायाशी धनुष्य सापडेना. ते सहा तारे पश्चिमेच्या अंगाला, उभ्या ओळीत, ग्रीक अक्षर पाय लावलेले : π1 ते π6. गंमत म्हणजे मृगातला जो राजन्य, त्याचं रायजेल हे नाव अरबीतल्या 'रिज्ल'वरून आलंय आणि त्याचा अर्थ खरोखरच पाय. म्हणजे मी शब्द चुकीचा ऐकला, पण अर्थ लावला तो बरोबर.

ψ म्हणजे साय, ही आठवण दुसऱ्या कुणासाठी ठेवतो.

* * *

दोनच ओळी. Boötes हे तारकासमूहाचं नाव मी तीन वर्षं 'बूट्स' वाचत होतो. त्या दुसऱ्या ओवरची दोन टिंबं मला छपाईतला डाग वाटायची. ती स्वर वेगळे म्हणायला असतात : बो-ओ-टीझ. आपलं 'भूतप' काय वाईट होतं?

* * *

वरचे सगळे किस्से हसण्यावारी न्यायचे. पण आकड्यांच्या चुकीत रात्र वाया जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही दोघं असतो. एक जण यादी वाचतो, दुसरा दुर्बिणीच्या कंट्रोलरवर आकडे दाबतो. जूनची रात्र, शौरी तारकासमूह डोक्यावर, आणि त्यातला एम 13 (मेस्येच्या यादीतला तेरावा) पाहायचा ठरलेला. भाऊ म्हणाला "थर्टीन", मी ऐकलं "थर्टी". दोन्ही गोलाकार तारकागुच्छच, त्यामुळे शंकाही आली नाही. कंट्रोलरने सांगितलं, वस्तू क्षितिजाखाली आहे. एम 30 मकरेत, आणि मकरेचा तो भाग अजून उगवायचा होता. आम्ही काय केलं? दुर्बिणीची जुळणी बिघडली असं समजून सगळी पुन्हा केली. दोन ताऱ्यांवर नेम धरायचा, मध्यात आणायचं, खात्री करायची. मग परत 30 दाबलं. परत तेच.

अर्धा तास गेला. शेवटी भावाने येऊन स्क्रीन पाहिला आणि कपाळावर हात मारला.

एम 15 आणि एम 50 चीही तीच गत, फक्त तिथे एक गोलाकार गुच्छ आणि दुसरा खुला, म्हणून निदान डोळ्याला तरी चूक कळते. आता आमचा नियम ठरलाय. आकडे सुटे म्हणायचे : एक-तीन, तीन-शून्य. आणि दाबणाऱ्याने ते मोठ्याने परत म्हणायचे.

* * *

'सीइंग'. नवीन असताना एका ज्येष्ठ निरीक्षकांनी आकाशाकडे बघत सुस्कारा टाकला, "आज सीइंग फारच खराब आहे." मी आदराने विचारलं, "सर, चश्मा आणून देऊ का?"

ते हसले नाहीत. त्यांनी मला गुरू दाखवला. कडा उकळत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखी हलत होती, पट्टे क्षणभर दिसायचे आणि विरघळायचे. हवेचे थर हलतात म्हणून हे होतं, हवेच्या स्थिरतेला सीइंग म्हणतात. आकाश लख्ख असून सीइंग भिकार असू शकतं, आणि किंचित धुरकट रात्री ग्रह दगडासारखे स्थिर दिसतात. हे मला चश्म्याच्या त्या प्रश्नामुळे आयुष्यभरासाठी समजलं.

* * *

मृगातला तो लाल तारा, Betelgeuse, कुणी काढतच नाहीये, म्हणून मी काढते. 2019 च्या अखेरीस तो अंधुक व्हायला लागला आणि जो तो मला त्याच्याविषयी विचारू लागला. महिन्याभरात मी ऐकलेली रूपं : बेटलग्यूस, बेटलगीझ, बीटलज्यूस, बेटेल-गॉइझ. आणि भाचीचं 'बटलर ज्यूस'. मी स्वतः बेटलज्यूझ म्हणते, पण छातीठोकपणे नाही.

कारण मूळ नावच चुकून वाचलेलं आहे! अरबीत ते 'यद अल्-जौझा', म्हणजे जौझाचा (मृगातल्या आकृतीचा) हात. शब्दाच्या सुरुवातीला अरबी 'य' खाली दोन टिंबं असतात आणि 'ब' खाली एक. लॅटिनमध्ये नेताना कुणीतरी दोनाचं एक वाचलं आणि 'यद'चा 'बद' झाला. मग पुढच्या विद्वानांनी त्या बिनअर्थी 'बद'साठी अर्थ शोधला : काख. एका टिंबापायी हाताची काख झाली. अनुस्वारावरून शाळेत मार खाल्लेल्यांना हे पटकन कळेल. मराठीत या ताऱ्याला काक्षी म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना मला दर वेळी काखच आठवते.

तेव्हा कुणी उच्चारावरून टोकलं, तर त्यांना खुशाल विचारा, "टिंबं एक की दोन?"

* * *

एवढा खटाटोप कशाला? व्याध, रोहिणी, स्वाती, चित्रा, ज्येष्ठा म्हणा. जीभही वळते आणि कानही फसत नाहीत. आपल्या पोरांना अँटारेस येतो, ज्येष्ठा येत नाही, याचं वाईट वाटतं.

* * *

कान फसत नाहीत म्हणता? मे महिन्यात उत्तररात्री मी दादाला ओरडून विचारलं, "आता कुठे लावू?" वारा होता. तो म्हणाला "हंस", मी ऐकलं "हस्त". हंस वर चढत होता आणि मी हस्ताच्या शोधात पश्चिमेच्या क्षितिजावर झाडांच्या फांद्या न्याहाळत बसले. धनू आणि धनिष्ठा हाही असाच घोळ. मराठी नावं मलाही प्रिय आहेत, पण वाऱ्यापुढे सगळ्या भाषा सारख्याच.

* * *

शार्ल मेस्येच्या नावाची आपण सगळ्यांनी मेसियर, मेसर, मेसिअर अशी वाट लावली आहे. तो धूमकेतू शोधणारा माणूस. धूमकेतू वाटून फसवणाऱ्या अंधुक ठिपक्यांची यादी त्याने केली, त्याच्या हयातीत 103, आज 110. ज्याने 'याला भुलू नका' म्हणून यादी केली, त्याचीच यादी आपण एकेक शोधत बसतो, वर नावही चुकवतो.

* * *

गुरूच्या चंद्रांच्या नोंदीत मी Io हे 10 असं वाचलं. "10 सावलीतून बाहेर आला" म्हणजे काय, म्हणून दहावा चंद्र शोधत होतो. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

* * *

प्लूटोच्या चंद्रावरून आमच्याकडे खरंच भांडण झालं होतं. ग्रीक पुराणातला नावाडी म्हणून मी 'केरॉन' म्हणायचो, मुलगी 'शॅरन'. मी बापाच्या अधिकाराने तिला दुरुस्त केलं. मग तिनेच शोधून आणलं : 1978 मध्ये तो जेम्स क्रिस्टी यांना सापडला, आणि नाव सुचवताना त्यांच्या मनात बायको शार्लीन, घरगुती नाव 'शार', हीच होती. म्हणून बरेच जण 'शॅरन' म्हणतात. दोन्ही चालतं. मी मात्र आठवडाभर 'नावाडी' म्हणून ओळखला गेलो.

* * *

आरशांची जुळणी करण्याला कॉलिमेशन म्हणतात. मी 'कॅल्क्युलेशन' ऐकलं आणि कागद-पेन्सिल घेऊन हजर झाले. हातात स्क्रू पिळायची चावी देण्यात आली. पुढे कळलं की हा शब्दही तसाच : लॅटिनमधला 'कॉलिनियारे', म्हणजे सरळ रेषेत आणणे, कुणीतरी 'कॉलिमारे' असा वाचला आणि तोच रूढ झाला. सरळ रेषेत आणण्याचा शब्दच वाकडा.

* * *

धागा काढणारी परत आलेय. हे सगळं काकांना वाचून दाखवलं. पोट धरून हसले आणि म्हणाले, "ठीक आहे, यापुढे काय म्हणायचंच नाही. एनजीसी, म्हणजे त्या मोठ्या यादीतला, क्रमांक सांगत जाईन."

कालच आकाश मोकळं झालं. काका वहीतून वाचायला लागले, "एच म्हणजे आठशे एकोणसत्तर. तो झाला? आता आठशे चौऱ्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी की चौऱ्याण्णव?"

"चौऱ्याऐंशी."

"म्हणजे आठ-आठ-चार ना?"

काका वैतागले. "काय गं!"

मी मुकाट्याने दुर्बीण कायवर लावली.