पद, मान-सन्मान आणि ख्रिस्ती नम्रता... खरं जगायचं कसं?

वाटसरू:
सर्वांना सलाम. बरेच दिवस मनात घोळतंय म्हणून इथे टाकतोय. मी सर्जन आहे, मध्यंतरी डिपार्टमेंटचा हेड झालो, एक अवॉर्डही मिळालं. तेव्हापासून चर्चमध्ये काहीही कार्यक्रम असला की डिग्र्यांसकट माझी ओळख करून देतात आणि पुढच्या रांगेत बसवतात. आमच्याच हॉस्पिटलमधला एक वॉर्डबॉय याच चर्चला येतो, वयाने माझ्यापेक्षा मोठा, पण मी आलो की पटकन उठून खुर्ची देतो, तिथेही 'सर' म्हणतो. मला कसंतरीच होतं. कोणी कौतुक केलं की मी 'माझं काही नाही हो, सगळं प्रभूचं' म्हणतो, पण रात्र रात्र जागून शिकलोय, हात चांगला आहे माझा, ते नाही कसं म्हणू? मग नम्र राहायचं म्हणजे स्वतःला कमी लेखायचं का? आणि आता चर्च कमिटीचं अध्यक्षपद घ्या म्हणून मागे लागलेत, तेही घ्यावं की नाही कळत नाहीये.

अबोली:
दादा, बायबलमधलं योहान १३ परत वाचा, पण तिसऱ्या वचनापासून वाचा, आपण सगळे एकदम येशूने शिष्यांचे पाय धुतले त्यावर उडी मारतो. पित्याने सगळं आपल्या हाती दिलंय, आपण देवाकडून आलोय आणि देवाकडे जाणार आहोत हे येशूला ठाऊक होतं असं आधी लिहिलंय, आणि हे ठाऊक असताना तो जेवणावरून उठला आणि कमरेला रुमाल बांधला. आपण कोण आहोत याची पूर्ण जाणीव असताना. नंतर शिष्यांना तो म्हणतोही की तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे, नाकारलं नाही त्याने. त्यामुळे हात चांगला आहे तर आहे. कोणी बोललं तर मनापासून थँक्यू म्हणा आणि त्यांची विचारपूस करा, उगाच नाही नाही करत बसलं की समोरच्याला अजून दोनदा कौतुक करावं लागतं.

राहिला प्रश्न मेहनतीचा. १ करिंथ १५:१० मध्ये पौल सरळ सांगतो की मी सगळ्या प्रेषितांपेक्षा जास्त श्रम केले, आणि त्याच दमात म्हणतो की ते मी नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने केले. दोन्ही एकाच वचनात! तुम्ही जागलात हे खरंच आहे, पण जागायला तब्येत मिळाली, शिकवणारे मिळाले, ज्या पेशंटवर हात बसला त्यांनी विश्वास टाकला, हे कुठे आपण कमावलेलं असतं.

खडू_फळा:
अबोलीताईंचं पटलं. मला मात्र वाटतं माणूस स्वतःबद्दल काय बोलतो यावरून फार कळत नाही, त्याला कोण अडवू शकतं यावरून कळतं. ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यात ज्युनियर नर्स 'सर थांबा, स्वॅबचा (रक्त टिपायच्या कापडी घड्यांचा) काउंट जुळत नाहीये' म्हणाली की तुमचा चेहरा कसा होतो? ती पुढच्या वेळी बोलेल का? माझ्या मते तुमची खरी परीक्षा तिथेच आहे, चर्चमध्ये नाही.

२ राजे ५ मधला नामान बघा. अरामचा सेनापती, मोठा शूर, पण कोड झालेलं. बरं व्हायला तो अलीशा संदेष्ट्याच्या दारी गेला, तर अलीशा स्वतः बाहेरसुद्धा आला नाही, निरोप पाठवला की यार्देन नदीत सात वेळा बुडी मार, आणि साहेब संतापून निघाले. त्याला परत कोणी वळवलं, तर त्याच्याच चाकरांनी, की काहीतरी अवघड सांगितलं असतं तर केलंच असतं ना, मग हे एवढंसं का नाही. आणि मुळात अलीशाचा पत्ता लागला तो त्याच्या घरात चाकरी करणाऱ्या, पकडून आणलेल्या एका लहान मुलीमुळे. नामान बरा झाला कारण त्याने खालच्या माणसांचं ऐकलं, मला तर त्या गोष्टीत हेच सगळ्यात मोठं वाटतं.

दिवाबत्ती:
खुर्चीबद्दल कोणीच बोललं नाही. याकोब २ मध्ये हेच आहे की, सोन्याची अंगठीवाला आला की चांगली जागा आणि गरिबाला तिकडे उभा राहा. ही चूक एकट्या तुमची नाही, सगळ्या मंडळीची आहे, म्हणून पाळकसाहेबांशी स्पष्ट बोला की डिग्र्या वाचणं बंद करा. पण मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं मागच्या बाकावरही जाऊन बसू नका, मत्तय ६ मध्ये लोकांनी बघावं म्हणून केलेल्या धर्माचरणाबद्दल जे म्हटलंय ते याला पण लागू होतं. त्या दादांच्या शेजारी बसा, रोज बसा, नाव घेऊन बोला, त्यांना तुमच्यासाठी प्रार्थना करायला सांगा.

आणि एक, सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यात ५७ वं प्रकरण कारागिरांवर आहे. कला येत असेल तर नम्रतेने करावी, पण आपल्या कौशल्यामुळे मठाचा फायदा होतोय असा गर्व चढला तर त्याला त्या कामावरून काढावं. कडक वाटतं, पण त्यात दम आहे. 'माझ्यामुळे चर्चला शोभा आहे' हा विचार फार गुपचूप शिरतो, आणि आजूबाजूचे लोकच तो भरवत असतात.

वाटसरू:
स्वॅब काउंटचं वाचून थांबलो जरा. उद्यापासून ब्रीफिंगमध्ये सगळ्यात ज्युनियरला आधी बोलायला लावतो. पण अध्यक्षपदाचं काय करू?

खडू_फळा:
काम जमणार असेल आणि वेळ असेल तर घ्या. मोशेला गणना १२:३ मध्ये पृथ्वीवरच्या सगळ्यांपेक्षा नम्र म्हटलंय, आणि तो अख्ख्या इस्राएल लोकांचा पुढारी होता, निर्णय घेत होता. पण सासऱ्याने, इथ्रोने सांगितलं की एकटा सगळं करू नकोस, कामं वाटून दे, तर लगेच ऐकलं. तेवढं तुम्ही पण करा. मुदत आधीच ठरवून घ्या, हिशोब दुसऱ्याकडे द्या, आणि कमिटीत विरोधात बोलणारी दोन माणसं तरी असू द्या.

अबोली:
आणि ते वॉर्डबॉय दादा कमिटीत का नकोत? विचारून बघा त्यांना.