‘फ्रीडहोफ’मध्ये शांती कुठाय?

टिवल्याबावल्या: जर्मनमध्ये दफनभूमीला फ्रीडहोफ म्हणतात. ‘फ्रीडं’ म्हणजे शांती, ‘होफ’ म्हणजे आवार, झालं ‘शांतीचं आवार’! जर्मनच्या वर्गात आम्हालाही हेच शिकवलं. साफ चूक. जुन्या जर्मनमध्ये शब्द होता ‘फ्रीटहोफ’, म्हणजे घरापुढचं किंवा चर्चभोवतीचं राखलेलं आवार. ‘फ्रीटेन’ म्हणजे जपणं, राखणं. मृतांना चर्चच्या आवारातच पुरायचे, म्हणून नाव तिथे चिकटलं. शांती मागाहून आली.

रानजाई: असहमत. पुरावा?

टिवल्याबावल्या: पुरावा स्वरात आहे. जुना दीर्घ ‘ई’ पुढे ‘आइ’ झाला. ‘वीन’चं वाइन, ‘त्सीट’चं त्साइट (वेळ). त्या हिशेबाने आज ‘फ्राइटहोफ’ हवं. आणि बव्हेरिया-ऑस्ट्रियाच्या बोलींत ते आहेच! प्रमाण जर्मनमध्ये मात्र लोकांना ‘फ्रीडं’ आठवलं आणि शब्द तिकडे ओढला गेला. मधला ‘ड’ बघा, लिहिण्यापुरताच. बोलताना अजून ‘ट’च.

रानजाई: ‘ट’चं कौतुक नको. ‘हुंड’ (कुत्रा) पण ‘हुंट’च म्हणतात. फ्राइटहोफचा मुद्दा मात्र बिनतोड, मानलं. पण ‘फ्रीडं’चा जुना अर्थ नुसती मनःशांती नव्हता. संरक्षण, कुंपणाआडची जागा, हेही त्यात होतं. कुंपण घालण्याला आजही ‘आइनफ्रीडेन’ म्हणतात. मग लोकांनी असं काय भलतंच जोडलं? आणि आपल्या माणसाला तिथे पुरून येणाऱ्याला जो अर्थ जाणवतो, तो तुम्ही खोटा ठरवणार?

कट्ट्यावरचे_आजोबा: यास्काने निरुक्तात (वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीचा प्राचीन ग्रंथ) श्मशान शब्द ‘श्म-शयन’ असा फोडलाय. श्म म्हणजे शरीर. शरीराची शेज! माणसाला अशा जागेच्या नावात विसावा शोधावासा वाटतोच. बाकी तुमचं भांडण घरातलंच आहे. ‘फ्रीटेन’ आणि ‘फ्रीडं’ मुळात एकाच धातूचे, आपला ‘प्रिय’ही त्याच कुळातला. (लगेच ‘सगळं संस्कृतातून आलं’ म्हणून नाचू नका. ही भावंडं आहेत, मायलेकरं नव्हेत.)

टिवल्याबावल्या: आजोबा, कूळ एक म्हणून सातबारा एक होत नाही. ‘शांतीचं आवार’ हा आजचा अर्थ म्हणून खुशाल शिकवा, व्युत्पत्ती म्हणून नको. एवढंच म्हणणं आहे.

रानजाई: बरं. बर्लिनला गेलात की ‘फ्राइटहोफ कुठे आहे’ म्हणून पत्ता विचारा, आणि काय उत्तर मिळतं ते इथे येऊन सांगा.