भट्टीशिवाय काचशिल्प: दगडाकडून काचेकडे वळताना

प्रश्न

बारा वर्षे संगमरवरात काम केल्यावर आता मी काचेकडे वळतो आहे. भट्टी आणि फुंकणी यांच्या वाटेला न जाता, तयार ठोकळा थंड अवस्थेतच कापून, घासून आणि चकाकी देऊन शिल्पकार म्हणून उभे राहता येते का, हा माझा मूळ प्रश्न आहे. सुरुवात मात्र चांगली झाली नाही. पहिल्या ठोकळ्याला ८० ग्रिटनंतर (ग्रिट म्हणजे घासणाऱ्या कणांचा क्रमांक; आकडा जितका मोठा, तितके कण बारीक) थेट ४०० ग्रिटने घासले आणि पॉलिश केले, तेव्हा पृष्ठभागाखाली पांढरट धुके उरले. दुसरा ठोकळा घासत असताना मधूनच तडकला. चूक हाताची की मालाची, हे कळत नाही.

प्रतिसाद १

धुके ही हाताची, किंबहुना घाईची चूक आहे. ८० ग्रिटचे सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे घासायची कठीण भुकटी, दिसणाऱ्या चऱ्याखालीही बारीक भेगा पाडते आणि त्या काढणे हे पुढच्या ग्रिटचे खरे काम असते. ८०, १२०, २२०, ४००, ६०० असे उतरत जावे, मग प्युमिस (ज्वालामुखी दगडाची भुकटी) आणि शेवटी नमद्यावर चकाकी देणारी सिरियम ऑक्साइडची भुकटी. पॉलिशने खोल चरा जात नाही, उलट तो उठून दिसतो. पायऱ्यांच्या मध्ये ठोकळा, चकती आणि स्वतःची नखेसुद्धा धुवावीत, कारण ८० चा एक कण ४०० च्या लगद्यात शिरला तरी दिवसभराचे काम वाया जाते. कडा आधीच मारून घ्याव्यात. तीक्ष्ण कडेचा टवका उडून चकतीखाली आला, तर तोच सगळीकडे चरे पाडतो. कान उघडे ठेवा: नव्या ग्रिटची खरखर मऊ, एकसारखी झाली, की पृष्ठभाग सर्वत्र टेकला आहे असे समजावे.

प्रतिसाद २

तडा बहुधा मालाचा आहे. ओतलेली काच पुरेशी सावकाश थंड केली नाही, तर आत ताण कोंडून राहतो आणि बाहेरचा थर घासून काढताच त्याचा तोल जातो. जाडी दुप्पट झाली, की थंड करण्याचा काळ ढोबळ मानाने चौपट होतो. पालोमार दुर्बिणीचा २०० इंची आरसा १९३४ मध्ये ओतल्यावर तो थंड व्हायला सुमारे दहा महिने दिले होते, यावरून कल्पना यावी. विकत घेण्यापूर्वी ठोकळा लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरा आणि ध्रुवक (पोलरायझिंग) फिल्म फिरवत त्यातून पाहा. पडदा काळा झाल्यावर काचेत उजळ किंवा रंगीत पट्टे दिसले, तर तो ठोकळा घेऊ नका. कोरडे घासणेही टाळावे: एका जागी उष्णता साठली तर चांगली काचसुद्धा तडकते, आणि उडणारी धूळ फुप्फुसांत जाते, लेड क्रिस्टल असेल तर तिच्यात शिसेही असते.

प्रतिसाद ३

मूळ प्रश्नाचे उत्तर: होय, उभे राहता येते. अमेरिकी काचकार हार्वी लिटलटन यांच्या १९६२ च्या टोलेडो (ओहायो) येथील कार्यशाळेपासून स्टुडिओ काच, म्हणजे कलावंताने स्वतःच्या कार्यशाळेत घडवलेली काच, म्हटले, की भट्टीच डोळ्यांपुढे येते. पण चेक कलावंत व्हाक्लाव्ह सिग्लर यांनी ऑप्टिकल काच (भिंगांसाठी बनवतात ती अतिशय स्वच्छ काच) कापून आणि चकाकवून स्वतंत्र शिल्पभाषा घडवली आणि १९६५ ते १९७९ या काळात ब्राटिस्लाव्हाच्या ललित कला अकादमीत शिकवलेही. अमेरिकी शिल्पकार क्रिस्टोफर रीस हे शॉट या काच बनवणाऱ्या कंपनीच्या ऑप्टिकल काचेच्या एकसंध ठोकळ्यांतून शिल्पे काढतात.

तुमच्यासारख्याला खरी अडचण येईल ती नजरेची. दगडाचे शिल्प बाहेरून पाहायचे असते. काचेत मागचा छेद पुढून दिसतो. साध्या काचेत सुमारे ४१ अंशांपेक्षा तिरप्या कोनात आतल्या पृष्ठावर पडणारा प्रकाश बाहेर न पडता परावर्तित होतो, म्हणून मागची चकाकती बाजू आरसा होते आणि एक छेद चार ठिकाणी उमटतो. काम चालू असताना मात्र ठोकळा दुधी असतो, आतले काहीच कळत नाही. मी त्यावर पाणी मारतो: खडबडीतपणा भरून निघतो आणि ते सुकेपर्यंत, क्षणभर, आतली रचना दिसते. प्रत्येक छेदाचा निर्णय मी त्या क्षणात घेतो. उत्पन्नाचे म्हणाल, तर पहिली काही वर्षे इतर काचकारांच्या ओतीव कामांना चकाकी देऊनच माझे घर चालले, आणि हात बसला तोही त्याच कामावर.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपल्या सर्वांचा आभारी आहे. तडकलेल्या ठोकळ्याचा मोठा तुकडा पडद्यासमोर धरून पाहिला. एका कोपऱ्यात इंद्रधनुषी पट्टे स्पष्ट दिसले, तेव्हा तो बाजूला ठेवला आहे. पहिला ठोकळा पुन्हा १२० पासून घासायला घेतला आहे. काल त्यावर पाणी मारल्यावर मागच्या बाजूचा माझाच एक छेद तीनदा दिसला, आणि त्यातला एक मी ठरवला होता त्याच्या अगदी उलट्या दिशेला झुकला होता.