सॉलिटेअर खेळणारे हमाल? खडूस यांना सविस्तर उत्तर

उंडगा (धागाकर्ता)

परवाच्या "रिकाम्या वेळात काय करता" धाग्यावर मी लिहिलं की कॉम्प्युटरवर सॉलिटेअर लावतो, त्यावर खडूस यांनी ठोकून दिलं: "तो खेळच नाही. पत्ते पिसले गेले तेव्हाच निकाल लागलेला असतो, तुम्ही फक्त पानं इकडून तिकडे नेणारे हमाल. त्यापेक्षा भिंतीकडे बघत बसा." तिथे उत्तर लिहायला घेतलं आणि लांबत गेलं म्हणून वेगळा धागा.

आधी निकालाचं बघू. सात ढिगांत २८ पानं, त्यातली २१ पालथी, उरलेली २४ गठ्ठ्यात. हे सगळं कॉम्प्युटरकडून तपासून झालेलं आहे, पालथी पानं कोणती ते माहीत असेल तर गठ्ठ्यातून तीन-तीन पानं उचलायच्या डावातसुद्धा १०० पैकी ८२ च्या आसपास डाव सुटण्यासारखे (म्हणजे सगळी पानं एक्क्यापासून राजापर्यंत वर लागतील असे) असतात. आता तुमच्यापैकी कोण एवढे सोडवतं ते सांगा. म्हणजे हरतो ते बरेचदा आपल्याच हाताने. समोर लाल अठ्ठी मोकळी आहे आणि काळ्या सत्त्या दोन, एक सातव्या ढिगावर जिच्याखाली सहा पानं दबलीत, दुसरी दुसऱ्या ढिगावर जिच्याखाली एकच. बरेच जण दुसरीच उचलतात, कारण जागा लवकर रिकामी होईल असं वाटतं, पण रिकाम्या जागेवर राजाशिवाय कोणी बसत नाही आणि राजा असतो सातव्या ढिगाच्या तळाशी. पुढची दहा मिनिटं आपण त्या मोकळ्या जागेकडे बघत बसतो. हा निर्णय पत्ते पिसणाऱ्याने घेतला का?

पण ही झाली वकिली. मी खेळतो ते वेगळ्याच कारणाने. माझ्याकडून काहीच न मागणारा हा एकच खेळ उरलाय. मध्येच उठलो तर कोणाची टीम हरत नाही, हरलो तर कोणी टोमणा मारत नाही, पलीकडे कोणी चाल करायची वाट बघत नाही. एखादा डोकं फिरवणारा फोन झाला की मी एक डाव लावतो, काळ्यावर लाल, लालवर काळं, तेवढ्यात डोक्याचा जो भाग उगाच भांडण उगाळत असतो त्याला काम मिळतं आणि तो गप्प बसतो. यातून बुद्धी वाढते वगैरे माझा दावाच नाही. टाइमपास आहे, असू दे की.

खडूस

एवढं मोठं वकीलपत्र वाचून दमलो. ८२ सुटतात म्हणजे १८ सुटत नाहीत, बरोबर? आणि तुमचा डाव त्या १८ मधला आहे का हे तुम्हाला शेवटपर्यंत कळत नाही. हरणं आधीच लिहिलेलं आहे आणि तुम्ही अर्धा तास कपाळाला आठ्या घालून विचार करताय, याला मी खेळ म्हणू?

माझा राग कुठला आहे ते पण सांगतो. आधीच्या नोकरीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ होते, मी महिनाअखेरीचे हिशोब जुळवत मान मोडून घ्यायचो आणि हे साहेब आपला किलवर गुलाम बदाम राणीवर ठेवून खुर्चीत रेलायचे. साहेब आले की खिडकी मिनिमाइज. प्रमोशन कोणाला मिळालं ओळखा. तेव्हापासून ती हिरवी पाटी दिसली की माझं डोकं सटकतं.

टवाळ

म्हणजे राग शेजाऱ्यावर आणि शिक्षा पत्त्यांना. खडूसराव, तुम्हाला बरं वाटावं म्हणून: २००६ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग आपल्याच एका ऑफिसात फेरी मारायला गेले, एका कर्मचाऱ्याच्या स्क्रीनवर सॉलिटेअर दिसलं आणि त्याची नोकरी गेली. घ्या, कुठेतरी न्याय झाला :) ह. घ्या.

खडूस

ब्लूमबर्ग यांना माझा दंडवत.

मोरपंखी

मला हे "कामचोर लोकांचा खेळ" प्रकरण कधीच पटलेलं नाही. विंडोज ३.० बरोबर १९९० मध्ये हा खेळ आला तेव्हा त्याचा एक उपयोगच हा होता की लोकांना माउस धरायची सवय व्हावी, पान दाबून धरायचं, ओढायचं, सोडायचं. आईने माउस असाच शिकला. पहिले काही दिवस माउस टेबलाच्या कडेला पोचला की "आता पुढे जागाच नाही" म्हणून थांबायची, उचलून परत मध्ये ठेवायचा असतो हे तिला कोणी सांगून कळलं नव्हतं, पत्ते लावताना आपोआप जमलं. नंतर स्वतःच्या मेल स्वतः पाठवायला लागली. याला वाया गेलेला वेळ म्हणायचं तर म्हणा.

जुनाखोड

मोरपंखीताईंना +१. आणि ज्याने तो लिहिला तो वेस चेरी तेव्हा मायक्रोसॉफ्टमध्ये इंटर्न होता, त्याला या खेळाची रॉयल्टी काहीही मिळाली नाही. पानांची चित्रं सुझन केअरची. साहेब आले की दाबायचं एक बटण पण त्याने मुळात ठेवलं होतं, दाबलं की खोटं काम स्क्रीनवर येणार, कंपनीने ते काढायला लावलं. खडूस यांचे शेजारी थोडे आधी जन्मले असते तर मिनिमाइज करायचे कष्ट वाचले असते.

माझी तक्रार वेगळीच आहे. आताचे फुकट सॉलिटेअर उघडून बघा, डाव संपला की जाहिरात, कधीकधी डाव सुरू व्हायच्या आधीच जाहिरात, मग रोजचं आव्हान, मग पदकं, मग "तुम्ही काल आला नाहीत". अरे, मी एकटं बसायला आलो होतो! जुन्यात काय होतं, डाव सुटला की पानं वरून उड्या मारत खाली, मागे आपली रांग सोडत, सगळी स्क्रीन पत्त्यांनी भरून जायची, बस. पानांच्या पाठीवर तो वाडा आणि पंख हलवणारी वटवाघळं. उंडगा म्हणतात तसं काहीही न मागणारा खेळ हा होता, आता तोही मागायला लागलाय.

घुम्या

ज्यांना खरंच डोकं लावायचंय त्यांनी फ्रीसेल खेळावं, सगळी ५२ पानं पहिल्यापासून उघडी, पालथं काही नाही, नशिबाला दोष द्यायची सोय नाही. जुन्या विंडोजमध्ये ३२,००० डाव नंबर टाकून मिळायचे, नव्वदच्या दशकात लोकांनी ते इंटरनेटवर आपसात वाटून घेऊन एकेक करून सोडवले, राहिला फक्त ११९८२. तो नंतर प्रोग्रॅमनेही तपासला, सुटतच नाही. ३२,००० मध्ये एक! खडूस यांचा "निकाल आधीच लागलेला" हा मुद्दा तिथे संपतो. क्लाँडाइक, म्हणजे उंडगा खेळतात ते नेहमीचं सॉलिटेअर, त्या मानाने बाळबोध.

अवांतर: उंडगा, तुम्ही ते ८२ फेकलंत ते पालथी पानं माहीत आहेत असं धरून आहे. आपल्याला ती माहीत नसतात. तुम्ही अनडू (चाल मागे घ्यायची सोय) वापरता का?

उंडगा

वापरतो. का?

घुम्या

मग संपलं. पान उलटून बघितलं, आवडलं नाही, मागे गेलो, दुसरं उलटून बघितलं. याला सोडवणं म्हणत नाहीत, चोरून बघणं म्हणतात.

उंडगा

अहो, कोणाची चोरी? समोर बसलंय कोण? खरे पत्ते लावताना तुम्ही कधी कोपरा उचलून बघितलं नाहीत का?

घुम्या

नाही. कधीच नाही. कोणी बघत नाही म्हणूनच. एकट्याच्या खेळात नियम पाळणारा तुमच्याशिवाय असतो कोण? तिथेच फसवलंत तर उरलं काय?

रेवती०७

घुम्याभाऊ, एवढे तत्त्वनिष्ठ असाल तर फ्रीसेल खेळताना चाल करून मग "अरेच्चा" म्हणत मागे येत असाल तर ते पण सोडा. तिथे चोरून बघण्यासारखं काही नाही हे मान्य, पण विचार न करता चाल करायची आणि मग मागे यायचं हा आळस आहेच की.

बाकी तुमचा एक मुद्दा अर्धवट बरोबर आहे, तोही नाइलाजाने कबूल करतेय. तीन-तीनच्या डावात अनडूने सगळी मजा जाते ती वेगळ्या कारणाने. गठ्ठ्यातलं एक पान उचललंत की त्याच्या मागच्या सगळ्या तिकड्या एका पानाने सरकतात, पुढच्या फेरीत जी पानं वर येत नव्हती ती येतात आणि येत होती ती दडतात. म्हणून कधीकधी लागणारं पानसुद्धा मुद्दाम उचलायचं नाही, एक फेरी थांबायचं. हे मनात धरून ठेवण्यातच खेळ आहे. अनडू दाबत बसलं की हे कोणी शिकतच नाही. पण म्हणून चोर? शब्द जपून वापरा.

घुम्या

चोर म्हणालो नाही, चोरून बघणं म्हणालो. वाचता येत नसेल तर माझा इलाज नाही.

रेवती०७

वाचता येतं हो. तुमची आढ्यतासुद्धा वाचता येते.

टवाळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. विषय होता सॉलिटेअर वाया की नाही, आता अनडू पाप की पुण्य. खडूसराव कुठे गेले?

खडूस

इथेच आहे, मजा बघतोय. मी म्हणत होतो हा खेळ नाही, आता त्याचे भक्तच एकमेकांना सांगताहेत की तू खेळत नाहीस. माझं काम झालं.

मोरपंखी

घुम्या, एक सांगते आणि मग गप्प बसते. बाबांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यावर उजवा हात थरथरायचा. चमचा धरायला लाज वाटायची, व्यायाम करा म्हटलं की चिडायचे, पण पत्ते लावायचे. त्यांचं पान ओढताना मध्येच सुटायचं, कधी नुसता हात कापला तरी डबल क्लिक होऊन पान वर जाऊन बसायचं, आणि खालची पंजी ठेवायला तीच छक्की हवी असायची. तेव्हा अनडू नसता तर त्यांनी दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर लावला नसता. त्यांनी पण चोरून बघितलं का?

घुम्या

ते वेगळं आहे आणि तुम्हालाही माहीत आहे ते वेगळं आहे. हात चुकला तर मागे जाणं आणि पान बघून मागे जाणं यात फरक आहे. तुमच्या बाबांचं उदाहरण दिल्यावर मी काय बोलणार? ठीक आहे, हात चुकल्यास अनडू माफ. इतर सगळ्यांना नाही.

रेवती०७

माफीनामा मंजूर करणारे आले! कोणी नेमलं तुम्हाला?

जुनाखोड

भांडू नका रे. जुन्या खेळात अनडू एकच चाल मागे जायचा, दोन्ही पक्ष खूश. सगळ्या डावाची गाडी उलटी फिरवायची सोय नंतरची.

आणि खडूस, "वाया" बद्दल एक. १९४६ मध्ये स्टॅनिस्लाव उलाम हा गणिती आजारपणातून उठत होता, पत्ते लावत पडलेला. डाव सुटायची शक्यता किती हे सूत्राने काढता येतंय का बघत बसला आणि मग वाटलं, त्यापेक्षा पुष्कळ डाव लावून किती सुटले ते मोजावं. तिथून मॉन्टे कार्लो पद्धत आली, न्यूट्रॉन कसे पसरतात त्याचे हिशोब तिने झाले. उंडगा यांचं ८२ सुद्धा असेच ढीगभर डाव पिसून, सोडवून, मोजून आलंय.

खडूस

बघा म्हणजे, उलाम पत्ते सोडून मोजायला लागला म्हणून त्याचं नाव झालं. डाव सोडवत बसला असता तर त्याला कोण ओळखतं? तुम्ही माझ्याच बाजूने पुरावा दिलात, आभार.

जुनाखोड

डाव लावलेच नसते तर मोजलं काय असतं, तुमचं प्रमोशन?

खडूस

हे वैयक्तिक झालं.

उंडगा

"हमाल" वैयक्तिक नव्हतं?

खडूस

बरं, हमाल मागे घेतो. हमाल घाम गाळतात, त्यांचा अपमान नको. आणि आजारी माणसांना आणि माउस शिकणाऱ्यांना माझ्याकडून सूट. बाकी तुम्ही, उंडगा, धडधाकट आहात आणि तुम्हाला माउस येतो, तेव्हा तुमच्याबद्दलचं मत कायम.

उंडगा

चालेल. मी कुठे मत बदलायला सांगितलं, मी म्हणालो असू दे.

रेवती०७

घुम्याभाऊ, तुमचं आणि माझं राहिलंच. व्हेगास हिशोब लावा आणि खेळून दाखवा. सुरुवातीलाच ५२ डॉलर उणे, वर गेलेल्या प्रत्येक पानाला ५, तीन-तीनमध्ये गठ्ठा फक्त तीनदा फिरतो, मग बंद. अकरा पानं वर गेली की तुम्ही फायद्यात, डाव पूर्ण सुटायचीसुद्धा गरज नाही. बाळबोध आहे ना, मग होईल सहज.

घुम्या

लावतो. अनडूशिवाय.

रेवती०७

ते गृहीतच धरलंय. आणि सुटणारा डाव मुद्दाम निवडून द्यायची नवीन सोय असते ती बंद करून. स्कोअर इथे टाका, उणे असला तरी.

टवाळ

खडूसराव पंच म्हणून बसा, त्यांना खेळाचा मोह नाही.